तीस किलोंचं विमान

पहाटेचे साडेतीन. मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनवर, आगमनाच्या दाराशी कठड्याला रेलून उभं राहिलं की कुठलं विमान उतरलंय हे फलकाकडे न बघताही ओळखता येतं. लंडन-फ्रँकफर्टचं असेल तर कडक कवचाच्या बॅगा चार चाकांवर आवाज न करता घरंगळत येतात. बँकॉकचं असेल तर मंडळी हाफपँटीत आणि गळ्यात उशी. आखातातलं असेल तर ट्रॉलीवर खोका येतो.

हा खोका नीट बघण्यासारखा असतो. तपकिरी पुठ्ठा, चारही कडांना चिकटपट्टीचे तीन-तीन वेढे, वरून पिवळ्या नायलॉन दोरीची उभी-आडवी चौकट आणि मधोमध उचलायला दोरीचीच वळलेली मूठ. सहाही बाजूंना मार्करनं नाव, गाव, तालुका, मोबाईल नंबर. खोका पट्ट्यावर कसाही उलटापालटा पडला तरी नाव वरच दिसलं पाहिजे, म्हणून सहा बाजू. हे कुणी शिकवत नाही. खोलीतल्या जुन्या माणसाचं बघून नवा शिकतो.

त्या रात्री मी म्हसळ्याच्या एका मित्राबरोबर त्याच्या चुलत्यांना घ्यायला गेलो होतो. चाचा एकतीस वर्षं शारजात होते, एका गॅरेजमध्ये डेंटिंगचं काम. या खेपेला ते सुटीवर आलेले नव्हते, कॅन्सल होऊन आले होते. रायगड-रत्नागिरीत हा शब्द असाच वापरतात. कॅन्सल होतो तो व्हिसा, पण बोलताना माणूसच कॅन्सल होतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

सलाम-दुआ झाली. पुतण्यानं ट्रॉली हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, “किती भरला, चाचा?”

“एकोणतीस आठशे.”

“दोनशे ग्रॅम सोडलेत की!”

“काटा त्यांचा असतो, बाबा. दोनशे आपण सोडायचे.”

आखातातून भारतात येताना साधारण तीस किलो सामान तिकिटात धरलेलं असतं. जाताना वीस. या दोन आकड्यांभोवती कोकणातल्या आणि केरळातल्या लाखो घरांचा हिशेब फिरतो. एअर इंडिया एक्सप्रेस ही विमान कंपनी माझ्या समजुतीप्रमाणे या खोक्यासाठीच जन्माला आली. तिचे मार्ग, तिच्या अडनिड्या वेळा, तिचं विमान, तिचा नफा, सगळं त्या पिवळ्या दोरीला बांधलेलं होतं. ती दोरी आता सैल होते आहे. ती कशी, ते सांगायचं तर थोडं मागून यावं लागेल.

*

चाचांचे वडील ‘द्वारका’ बोटीनं गेले होते. मुंबईहून कराची, मस्कत करत आखातात शिरणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींपैकी ही शेवटची. १९८२ पर्यंत ती चालू होती. डेकवर चटई पसरून झोपायचं, जेवण आपलं आपण. त्या काळी मुंबई हेच आखाताचं मोठं शहर होतं. कुवेत, बहरीन, दुबईत रुपया चालायचा. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक आखातापुरत्या वेगळ्या नोटा छापत होती. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि उरलासुरला रुपयाही तिथल्या शेखांनी हळूहळू मोडीत काढला. पुढं तेलाचे भाव भडकले आणि वाहतुकीची दिशाच फिरली. ट्रंका घेऊन चढणारे आता इकडचे होते.

त्यांना नेणारी-आणणारी कंपनी अर्थातच एअर इंडिया. तिनं या माणसांचं काही केलं नाही असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. १९९० साली सद्दामनं कुवेत घेतलं, तेव्हा जॉर्डनमधल्या अम्मानहून मुंबईपर्यंत ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं करून तिनं एक लाख अकरा हजारांवर माणसं घरी आणली. गिनेस बुकात नोंद आहे. म्हसळा, श्रीवर्धन, मंडणगड, खेडमधल्या कित्येक घरांत ती आठवण आजही निघते. पण संकटातली आई आणि रोजची आई यांत फरक असतो. रोजच्या दिवसांत तक्रार एकच असायची: तीन-साडेतीन तासांच्या प्रवासाला ही बाई किती पैसे घेते! ईद, ओणम, आंब्याचा हंगाम, शाळांची सुटी, हे मुहूर्त गाठून भाडं दुप्पट-तिप्पट. केरळात हा राजकारणाचा विषय होता. तिथल्या प्रत्येक पक्षाच्या खासदाराला दिल्लीत यावर बोलावंच लागायचं, कारण घरटी एक माणूस आखातात आणि त्याच्या चिठ्ठीवर घरची मतं.

२००३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. इकडे कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननं स्वस्त तिकिटाची चटक लावली आणि तिकडे शारजातून एअर अरेबिया उडायला लागली. आखाताची ती पहिली स्वस्त कंपनी. सरकारी कंपनीचं गिऱ्हाईक आता पळणार, हे दिल्लीलाही दिसलं. एअर इंडियाकडे १९७१ साली काढलेली ‘एअर इंडिया चार्टर्स’ नावाची उपकंपनी कागदावर होतीच. तिच्यात २००४ मध्ये प्राण फुंकले. २९ एप्रिल २००५ रोजी तिरुवनंतपुरमहून अबुधाबीला पहिलं विमान गेलं.

पहिलं विमान मुंबईहून किंवा दिल्लीहून गेलं नाही, हे लक्षात घेण्याजोगं आहे. स्वस्त कंपन्या बाजाराचा अभ्यास करून निघतात, असं पुस्तकात लिहितात. ही निघाली ती गाऱ्हाण्यातून.

*

थोरल्या कंपनीनं धाकटी स्वस्त कंपनी काढायची, हा खेळ जगात पुष्कळांनी खेळून पाहिला आहे आणि बहुतेकांनी हात पोळून घेतले आहेत. ब्रिटिश एअरवेजनं १९९८ मध्ये ‘गो’ काढली. ती इतकी चांगली चालली की आईच्याच ताटातलं खाऊ लागली. तीन वर्षांत विकून टाकली, आणि पुढं ती गेली थेट इझीजेट या प्रतिस्पर्ध्याच्या पोटात. अमेरिकेत डेल्टाची ‘साँग’, युनायटेडची ‘टेड’. नावं लाडाची, आयुष्य तीन ते पाच वर्षांचं. क्वांटासच्या ‘जेटस्टार’नं मात्र बस्तान बसवलं. आपल्याकडे जेटनं सहारा घेऊन ‘जेटलाइट’ केली, किंगफिशरनं डेक्कन घेऊन ‘किंगफिशर रेड’ केली. मल्ल्यांची ती लाल रंगाची हौस किंगफिशर आणि डेक्कन, दोघींनाही घेऊन बुडाली.

दुखणं सगळीकडे एकच. आईचा पगार, आईच्या युनियन, आईच्या सवयी लेकीला लागल्या तर ती स्वस्त राहत नाही. आणि नाही लागल्या तर आईच्या घरातली माणसं विचारतात, तिला कमी पगारात काम करणारी माणसं चालतात, मग आमची गरज काय?

एअर इंडिया एक्सप्रेस यातून वाचली त्याचं कारण साधं होतं. आईला त्या गिऱ्हाइकाची फारशी ओढ नव्हती. महाराजाच्या मिशांना पीळ देणारी, न्यूयॉर्क-लंडनची ऐट सांगणारी ती कंपनी. कोळिकोड-दोहा रात्री दोनचं विमान तिच्या स्वप्नात कधीच नव्हतं. नावडतीला दिलेली शेताची बांधावरची पट्टी असावी, तसे हे मार्ग लेकीकडे आले. वर सरकारनं कुंपणही घालून दिलं. खासगी कंपन्यांना परदेशी उड्डाणांची मुभा मिळाली तरी आखात सुरुवातीची तीन वर्षं सरकारी कंपन्यांसाठीच राखून ठेवलं होतं. शिवाय पाच वर्षं आणि वीस विमानं झाल्याशिवाय देशाबाहेर उडायचं नाही, हा नियम २०१६ पर्यंत होताच.

एक गोष्ट मात्र धाकटीच्या वाट्याला सहसा येत नाही ती हिला मिळाली: नवे कपडे. एअर इंडियानं बोइंगकडे ६८ विमानांची मोठी ऑर्डर दिली, तिच्यात १८ बोइंग ७३७-८०० लेकीसाठी होती. एकाच जातीचं विमान. एकच प्रकारचे पायलट, एकाच प्रकारचे सुटे भाग, सगळा एकच वर्ग, सुमारे १८५ खुर्च्या. हा झाला जगभरच्या स्वस्त कंपन्यांचा धडा. दुसरा धडा असा की विमान जमिनीवर उभं राहिलं की पैसे खातं, हवेत असलं की कमावतं. म्हणून संध्याकाळी केरळातून निघायचं, तिकडे तासाभरात सामान उतरवून-चढवून मध्यरात्री परत फिरायचं, पहाटे उतरायचं, आणि उजाडायच्या आत पुढच्या गावाला. आखाताच्या विमानांच्या वेळा भुताच्या का असतात, याचं उत्तर बरंचसं या हिशेबात आहे. प्रवाशाची तक्रार नसते. सुटीचा दिवस वाचतो, आणि एरवी तरी तो कुठे झोपतो?

काटकसर सगळीकडे होती, पण एका बाबतीत सरकारी हात सैल राहिला. जगभर स्वस्त कंपन्या पाणीसुद्धा विकतात. ही मात्र २०२३ पर्यंत प्रत्येकाच्या हातात नाश्त्याचा पुठ्ठ्याचा डबा ठेवत होती. एक पफ किंवा सँडविच, कधी केकचा तुकडा. चवीबद्दल न बोललेलं बरं. पण दीड वर्षानं घरी निघालेल्या माणसाला कुणीतरी फुकट खायला देतं, ही गोष्ट चवीच्या पलीकडची असावी. कित्येकजण तो डबा न उघडता पिशवीत टाकत आणि घरच्या पोरांना देत.

आणखी एक हौस होती शेपटांची. प्रत्येक विमानाच्या शेपटावर वेगळं चित्र, तेही डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला दुसरं. कुठे कथकली, कुठे एखादं देऊळ, कुठे वाळवंटातला उंट. हिशेबनीस म्हणेल हा रंगाचा वायफळ खर्च. मला तो या कंपनीचा सगळ्यात माणुसकीचा खर्च वाटतो.

*

दहा वर्षं कंपनी तोट्यातच होती. २०१४ च्या अखेरीस कच्च्या तेलाचे भाव कोसळले आणि २०१५-१६ मध्ये तिनं पहिला नफा दाखवला, साडेतीनशे कोटींच्या वर. मग वर्षामागून वर्षं नफाच. २०१९-२० मध्ये तर चारशे कोटी ओलांडले. त्याच काळात आईची अवस्था अशी, की २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सशी लग्न लावून दिल्यापासून तिनं नफ्याचं तोंड पाहिलं नव्हतं. विकायला काढली तेव्हा तिच्या डोक्यावर ६१,५६२ कोटींचं कर्ज होतं. आजारी आईच्या घरात कमावती एकच, आणि तीही खोके उचलून.

मधल्या काळात मुंबईकरांना चुटपुट लावणारी एक गोष्ट घडून गेली. २०१३ च्या सुरुवातीला लेकीनं आपलं मुख्य कार्यालय मुंबईहून कोचीला, दरबार हॉल रोडवर नेलं. त्याच सुमारास आईनंही नरिमन पॉइंटचा तेवीस मजली मनोरा सोडून दिल्ली गाठली. ज्या शहरात जुहूच्या धावपट्टीवर १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल आणून उतरवलं, त्या शहरातून दोघी एका मोसमात निघून गेल्या. तो मनोरा आता महाराष्ट्र सरकारनं १,६०१ कोटींना घेतला आहे. लेकीचं कोचीला जाणं मात्र मला योग्यच वाटलं होतं. जिथं गिऱ्हाईक तिथं दुकान.

चाचांना मी गाडीत विचारलं, एवढ्या कंपन्यांनी प्रवास केलात, चांगली कुठली? पेणच्या पुढे चहाला थांबलो होतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जी मय्यत लवकर आणते ती.”

मला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. पण आखातातल्या माणसाच्या मनात हा हिशेब कायम असतो. तिकडे मेलो तर घरी कोण नेणार आणि किती पैसे पडतील. ही गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते, म्हणून इथं सांगतो: कैक वर्षं एअर इंडिया आणि तिची लेक यूएईतून मृतदेह आणायच्या ते वजनावर. शवपेटीसकट काट्यावर चढवायचं आणि किलोमागे भाव लावायचा. माल-वाहतुकीच्या नियमानं ते बरोबरच होतं. माणूस मेला की तो मालच. वर्गणी काढणाऱ्या खोलीतल्या मित्रांना काट्यावरचा आकडा समजेपर्यंत किती गोळा करायचे तेही कळत नसे. जाड माणसाचे जास्त. या प्रकाराविरुद्ध तिथल्या भारतीयांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं अर्ज केले. शेवटी जानेवारी २०१९ मध्ये एकच दर ठरला: १,५०० दिरहॅम, बारा वर्षांखालच्या मुलासाठी ७५०.

चाचांच्या खोलीतून तीन मय्यती गेल्या होत्या. दोन काट्याच्या काळातल्या, एक नंतरची. “तिसऱ्याच्या वेळी कुणी वजन नाही विचारलं,” ते म्हणाले, आणि चहाचा कप खाली ठेवला.

*

स्वस्त विमान म्हणजे धोक्याचं विमान, अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे. सुरक्षेचे नियम तिकिटाच्या भावानं बदलत नाहीत, आणि जगातल्या काही सर्वांत सुरक्षित कंपन्या स्वस्तच आहेत. पण या कंपनीच्या दोन मोठ्या अपघातांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर तिच्या धंद्याची रीत त्यांत डोकावल्याशिवाय राहत नाही.

२२ मे २०१०. दुबईहून रात्री निघालेलं विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरच्या बजपे विमानतळावर उतरलं, धावपट्टी संपली तरी थांबलं नाही आणि दरीत कोसळलं. १६६ माणसांपैकी १५८ गेली, आठ वाचली. चौकशी अहवालात निघालं की कॅप्टन वाटेत दीड तासाहून जास्त झोपले होते. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात घोरणं ऐकू येतं. उतरताना विमान नको तितकं उंच होतं. सहवैमानिकानं ‘पुन्हा वर घ्या’ असं सांगितलं. घेतलं नाही. त्या प्रहराला माणसाचं शरीर सगळ्यात सुस्त असतं, झोपेतून उठल्यावर मेंदू काही काळ जड राहतो, हे अहवालातच आहे. आणि तो प्रहर हा या मार्गांचा रोजचा प्रहर होता.

त्यानंतर चालला तो भरपाईचा तंटा. परदेशी प्रवासातल्या मृत्यूची भरपाई ठरवणारा माँट्रिअल करार भारतानं अपघाताच्या आदल्याच वर्षी मान्य केला होता. तरी प्रत्येक मृताच्या पगारावरून, वयावरून घासाघीस झाली. एका कुटुंबाला ७ कोटी ६४ लाख द्यावेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला मे २०२० उजाडलं. तो माणूस वरच्या हुद्द्यावर होता. खोका घेऊन येणाऱ्यांच्या वाट्याला काय आलं असेल, याचा अंदाज वाचकानं करावा.

त्याच मे महिन्यात, ७ तारखेला, करोनात अडकलेल्यांना आणायची ‘वंदे भारत’ मोहीम सुरू झाली. पहिली दोन्ही उड्डाणं, अबुधाबीहून कोची आणि दुबईहून कोळिकोड, याच कंपनीची. विमानातले कर्मचारी अंगभर पांढरे झगे घालून. बरोबर तीन महिन्यांनी, ७ ऑगस्टला, दुबईहून आलेलं याच मोहिमेचं विमान कोळिकोडच्या करिपूर विमानतळावर उतरत होतं. धो धो पाऊस. कॅप्टन दीपक वसंत साठे, नागपूरचे, हवाई दल अकादमीचे ‘स्वोर्ड ऑफ ऑनर’, हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या प्रयत्नात त्यांच्या बाजूच्या काचेचा वायपर मध्येच बंद पडला. विमान वर घेतलं, दुसऱ्या बाजूनं आणलं. वारा पाठीमागून होता. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती ४,४३८ फूट पुढे, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. करिपूरची धावपट्टीही मंगळूरसारखीच डोंगर सपाट करून केलेली, टोकाला घळ. १९० जणांपैकी २१ गेले, दोन्ही वैमानिकांसह. करोनाच्या भीतीनं जिथं शेजारी शेजाऱ्याला शिवत नव्हता, तिथं कोंडोट्टीचे लोक पावसात धावत आले, माणसं बाहेर काढली, आपल्या गाड्यांतून दवाखान्यात नेली आणि रात्री रक्त द्यायला रांग लावली.

आपल्याकडे त्या आठवड्यात कॅप्टन साठ्यांवर जे लिहिलं गेलं ते भक्तीनं लिहिलं गेलं. आपला माणूस, फौजी माणूस, जीव देऊन प्रवासी वाचवणारा. वर्षभरानं, सप्टेंबर २०२१ मध्ये, अपघात तपास विभागाचा अहवाल आला आणि त्यात उलट लिहिलेलं होतं. विमान नीट रेषेत नव्हतं, सहवैमानिकानं ‘पुन्हा वर’ सांगितलं, ऐकलं गेलं नाही, ठरलेली पद्धत मोडली. मराठी वर्तमानपत्रांत या अहवालाची बातमी आतल्या पानावर होती.

पण अहवाल तेवढ्यावर थांबत नाही, आणि मला वाटतं त्याचं खरं महत्त्व पुढच्या पानांत आहे. कोळिकोडच्या तळावर सहवैमानिक पुष्कळ आणि कॅप्टन मात्र नगण्य, अशी कंपनीची नेमणूक होती. आदल्या दिवशी कामाची पाळी अचानक बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहूनच निघणारं विमान याच कॅप्टननी न्यायचं होतं. त्या रात्री विमान दुसरीकडे उतरवलं असतं, तर सकाळचं उड्डाण गेलं असतं. वेळेवर कोळिकोडला पोचायचा ताण त्यांच्यावर होता, असं तपास करणाऱ्यांनी स्पष्ट नोंदवलं आहे. पन्नाशी उलटलेला, हजारो तास उडवलेला माणूस उद्याच्या पाळीची काळजी करत पावसात धावपट्टी शोधतो आहे. या चित्रात मला हुतात्माही दिसत नाही आणि गुन्हेगारही नाही. कारखान्यातला दुसऱ्या पाळीचा फोरमन दिसतो.

त्या अपघातापासून करिपूरला मोठ्या रुंद विमानांना बंदी आली. परिणाम असा की तिथं स्पर्धा आटली. २०२४ च्या हज यात्रेसाठी करिपूरहून या ‘स्वस्त’ कंपनीनं सांगितलेलं भाडं होतं एक लाख पासष्ट हजार. कोची-कण्णूरहून मोठ्या विमानानं जाणाऱ्यांना त्याच्या जवळपास निम्मं. बोंबाबोंब झाल्यावर काही हजार उतरले. स्वस्त हा शब्द किती लवचीक असतो!

*

२७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांच्या घरी परत गेली. लेक अर्थातच आंदणात. आंदण म्हणावं तर तिच्याकडे नफा होता आणि पंचवीसच्या आसपास विमानं. टाटांकडे आधीपासून आणखी एक स्वस्त कंपनी होतीच, एअरएशिया इंडिया. ती देशांतर्गत उडायची, तिच्याकडे एअरबसची विमानं, तिचा कारभार बेंगळुरूचा, पोरं-पोरी तरुण, बोलणं चटपटीत. मलेशियाच्या भागीदाराचा हिस्सा घेऊन झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ ला दोघी एक झाल्या. नाव थोरल्या घराण्याचं राहिलं.

संसार मोठा करायची घाई इतकी होती की नवी विमानं यायला वेळ नव्हता. बोइंगच्या आवारात चिनी कंपन्यांसाठी बांधून पडून राहिलेली मॅक्स विमानं होती. धंद्यात त्यांना पांढऱ्या शेपटाची विमानं म्हणतात, म्हणजे गिऱ्हाइकाची निशाणी न रंगवलेली. त्यांतली सुमारे पन्नास इकडे आली. आत काहींत पुढच्या दोन रांगा बिझनेस क्लासच्या, कारण मूळ गिऱ्हाइकाला त्या हव्या होत्या. त्या काढत बसण्यापेक्षा विकायला काढल्या. चिन्यांसाठी शिवलेला कोट, बाह्या थोड्या लांब. पण अंगात घातला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नवा नारिंगी-फिरोजी रंग आला आणि शेपटांवर आता कापडं आली. पहिल्यावर बांधणी, दुसऱ्यावर अजरख. २०२५ च्या सुरुवातीला विमानांची शंभरी भरली.

मे २०२४ मध्ये या घाईचा आवाज बाहेर ऐकू आला. दोनशेहून अधिक केबिन क्रू एका रात्रीत ‘आजारी’ पडले. जुन्या कंपनीतली, ठरावीक मुदतीच्या करारावरची मंडळी, त्यांची तक्रार पगाराच्या नव्या रचनेची आणि दोन घरच्यांना दोन वागणुकीची. शेकडो उड्डाणं कोलमडली. पंचवीस जणांना काढलं, मग दिल्लीत कामगार आयुक्तांसमोर बसून दोन दिवसांत परत घेतलं. विमानतळांवर अडकलेल्यांत आखाताची पाळी पकडायला निघालेले खूप होते. त्यांच्या व्हिसाची मुदत कुठल्याच युनियनच्या मागण्यांत नसते.

मला मात्र संपापेक्षा वेळापत्रक जास्त बोलकं वाटतं. कंपनीला आता इंडिगोशी दिल्ली, बेंगळुरू, पुणे, गोव्याच्या मार्गांवर लढायचं आहे. त्यासाठी विमानं लागतात, आणि विमानं काही आकाशातून पडत नाहीत. २०२५ च्या हिवाळी वेळापत्रकात केरळातून आखाताकडे जाणारी कितीतरी उड्डाणं कमी झाली. कोळिकोड आणि कण्णूरहून कुवेतला जाणारी तर यादीतून गायबच. केरळचे मुख्यमंत्री, खासदार, सगळे उठून उभे राहिले. कंपनीनं काही उड्डाणं परत आणायचं आश्वासन दिलं. वीस वर्षांपूर्वी ज्या गाऱ्हाण्यातून ती जन्मली, तेच गाऱ्हाणं आता तिच्याच दारात. आणि एवढं करून हिशेब? संसदेत सरकारनं दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२४-२५ चा तोटा साडेपाच हजार कोटींच्या वर, आईपेक्षाही जास्त. विस्ताराला पैसे लागतात, हे खरंच. पण खोके उचलून चारशे कोटी मिळवणाऱ्या त्या पोरीची आठवण येते.

*

दोन महिन्यांनी मी म्हसळ्याला गेलो. पाऊस नुकताच उघडला होता. चाचांच्या पडवीत एक बॅग उघडी पडली होती. धाकटा भाचा पहिल्यांदाच निघाला होता, दोह्याला, एका कंपनीच्या किचनमध्ये. जाताना वीस किलो.

पडवीच्या वाशाला चाचांनी एक हुकाचा काटा टांगला होता, शारजातून आणलेला. बॅगेत कपडे थोडे आणि बाकी घर. सुकट, बोंबील, कोकमं, तांदळाच्या पिठाची पिशवी, फणसाचे गरे तळून, आंब्याच्या लोणच्याची बरणी प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून. भाच्याच्या आईनं एकेक वस्तू आत ठेवायची, चाचांनी बॅग काट्याला लावायची आणि आकडा मोठ्यानं वाचायचा, असं चाललं होतं.

“एकवीस तीनशे.”

तांदळाचं पीठ बाहेर आलं. “वीस पाचशे.”

आता हात बरणीकडे गेला. भाचा म्हणाला, “राहू दे ती. माझे बूट पायातच घालतो.” बूट निघाले.

“एकोणीस आठशे,” चाचांनी वाचलं, काटा वाशावरून काढला आणि कोपऱ्यातून पिवळ्या नायलॉन दोरीचं गुंडाळं पुढं ओढलं. त्यांच्या खोक्याचीच होती ती, गाठी न कापता सोडवून ठेवलेली.